जाळे कापून संरक्षित समुद्री प्राण्याला सोडल्यास नुकसानभरपाई : योजना समजून घ्या

कोळंबी, बांगडा किंवा सुरमईसाठी टाकलेल्या जाळ्यात कधी कासव, कधी व्हेल शार्क, तर कधी डॉल्फिन (गादा) अडकतो. त्याला कोणी मुद्दाम पकडलेले नसते. पण सोडवायचे म्हटले की बहुतेक वेळा जाळेच कापावे लागते, आणि जाळे हेच मच्छीमाराचे भांडवल असते. प्राणी वाचवला तर त्या दिवसाची मासळीही हातची जाते. हा भार एकट्या मच्छीमारावर पडू नये म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना सुरू केली. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष ती एकत्रितपणे राबवतात.

लाभ काय मिळतो?

संरक्षित प्राण्याला जिवंत सोडण्यासाठी जाळे कापले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात. ही रक्कम बक्षीस नाही, नुकसानीची भरपाई आहे. त्यामुळे ती प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे ठरते. प्रत्येकाला पूर्ण २५,००० रुपये मिळतीलच असे नाही.

कोणते प्राणी संरक्षित आहेत?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत असलेले प्राणी. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः पुढील प्राणी आढळतात :

- समुद्री कासवे : ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक
- व्हेल शार्क (२००१ पासून संरक्षित)
- डॉल्फिन, पॉर्पोइज आणि देवमासे
- करवत मासा

अनुसूची १ मधील प्राण्याची शिकार केल्यास किंवा त्याची विक्री केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून ‘चुकून आला, आता विकून टाकू’ असा विचार करू नका. चुकून आलेला प्राणी लगेच सोडून देणे हाच कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग आहे.

प्राणी अडकला तर काय करावे?

१. नौका थांबवा. जाळे ओढत राहू नका. कासव आणि डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतात. पाण्याखाली जास्त वेळ अडकले तर ते गुदमरून मरतात.

२. एका खलाशाला मोबाइलवर फोटो व व्हिडिओ काढायला सांगा. प्राणी जाळ्यात असताना, जाळे कापताना आणि प्राणी पाण्यात जाताना, असे तिन्ही वेळचे चित्रण असावे. शक्य असल्यास नौकेचा क्रमांकही दिसू द्या.

३. व्हेल शार्कसारख्या मोठ्या प्राण्याला नौकेवर ओढू नका. पाण्यातच जाळे कापा. शेपटीला दोर बांधून खेचू नका.

४. कासव हालचाल करत नसेल तरी ते मेले असे समजू नका, ते बेशुद्ध असू शकते. त्याला पोटावर ठेवा आणि मागची बाजू अंदाजे वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातील पाणी बाहेर येते. सावलीत ठेवून अंगावर ओले फडके घाला. पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवू नका. शुद्धीवर यायला काही तास, कधी २४ तासही लागतात.

५. सोडताना इंजिनाचा गिअर काढा. जवळपास जाळी नाहीत याची खात्री करून कासवाला हळूच पाण्यात सोडा.

६. जखमी प्राण्याबाबत वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

अर्ज कसा करावा?

किनाऱ्यावर आल्यावर उशीर न करता तुमच्या भागातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयाला भेटा. अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, जाळ्याचा प्रकार आणि किती जाळे कापले गेले ते लिहा. सोबत ठेवा :

- फोटो व व्हिडिओ
- नौकेचे नोंदणी प्रमाणपत्र व मासेमारी परवाना
- आधार कार्ड
- बँक पासबुकाची प्रत

कापलेले जाळे पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नका. अर्जाची पोच जरूर घ्या.

नोंदीचा उपयोग काय?

प्रत्येक अर्जामुळे कोणता प्राणी कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात आला याची नोंद होते. हे काम मच्छीमारांशिवाय कोणी करू शकत नाही, कारण रोज समुद्रावर तेच असतात. जाळे कापावे लागले नाही तरी प्राणी सोडल्याची तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवा.

ट्रॉलर मालकांसाठी : टेड

टेड म्हणजे ट्रॉल जाळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, तर कासव चौकटीला अडून वरच्या किंवा खालच्या उघड्या वाटेने बाहेर पडते. टेड न वापरल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. म्हणजे अडकलेल्या कासवाचा संबंध थेट तुमच्या कोळंबीच्या भावाशी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत टेडच्या खर्चासाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी मदतीची तरतूद आहे. परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी करा.

नेहमीचे प्रश्न

*प्राणी मेलेला सापडला तर?* भरपाई जिवंत सोडलेल्या प्राण्यासाठी आहे. मेलेला प्राणी किनाऱ्यावर आणून विकू नका, वन विभागाला कळवा.

*प्राणी अडकल्याचे कळवले तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल का?* चुकून अडकलेला प्राणी सोडून त्याची माहिती देणाऱ्यासाठीच ही योजना आहे. फोटो आणि व्हिडिओ हा तुमचा पुरावा आहे.

*मी जबलपूरला राहतो, नर्मदेत किंवा बरगी जलाशयात मासेमारी करतो. मला लाभ मिळेल का?* नाही, ही योजना महाराष्ट्रातील समुद्री मच्छीमारांसाठी आहे. पण कायदा नदीलाही लागू आहे. नर्मदेतील मऊ कवचाचे गंगा कासव अनुसूची १ मध्ये आहे. ते जाळ्यात आले तर वर सांगितल्याप्रमाणेच काळजीपूर्वक सोडा आणि स्थानिक वन कार्यालयाला कळवा.

लक्षात ठेवा : या अर्जासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही.

मराठी मजकूर : मदन महल, जबलपूर