टायर गुळगुळीत, पत खडबडीत!

२०२५ चा पाऊस आठवतोय ना? छत्र्या अजून माळ्यावरच होत्या आणि हा पठ्ठ्या मे महिन्यातच पुण्यात हजर! त्याच आठवड्यात नऱ्ह्याच्या चौकात माझी गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्या अण्णांनी चाक काढलं, हातात फिरवून पाहिलं आणि अगदी डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "ताई, पंक्चर काढतो. पण पुढचे दोन्ही टायर गेले. पावसात चालवू नका."

मी हसले. पावसात चालवू नका म्हणे! मग ऑफिसला काय पोहत जाऊ?

गाडी म्हणजे बाबांची २०१३ ची अल्टो. ते रिटायर झाले आणि गाडी माझ्याकडे आली. नऱ्हे ते हिंजवडी, रोज सकाळी सात चाळीस. एकटी नाही हं, सोबत ऑफिसचे तिघं. पेट्रोल चौघांत वाटून घेतो, त्यामुळे सगळ्यांनाच परवडतं. माझा हातात येणारा पगार २३,४०० रुपये. त्यातून घरभाडं, किराणा, बाबांची औषधं जाऊन महिन्याच्या वीस तारखेला अकाउंटमध्ये जे उरतं, त्याला ‘शिल्लक’ म्हणणं म्हणजे शिल्लक या शब्दाचा अपमान आहे. त्या दिवशी होते २,३०० रुपये. आणि एका टायरची किंमत? ३,१००. चारही बदलायचे तर १२,४००. वाट लागली, बॉस!

काडीपेटीची काडी

अण्णांनी मला एक सोपा फंडा शिकवला. टायरच्या खाचेत त्यांनी काडीपेटीतली लाकडी काडी आडवी ठेवली. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती खाचेत पूर्ण बुडायला हवी. माझ्या टायरवर ती चक्क वर आली होती!

नव्या कारच्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागतेच. मोजपट्टीही लागत नाही. टायरच्या बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला, की खेळ खल्लास.

खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचं पाणी त्यांच्यातून बाहेर फेकलं जातं, म्हणून रबर डांबराला चिकटून राहतं. खाचच नसेल तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी त्याच्यावर तरंगते. मग ब्रेक दाबा नाहीतर देवाचा धावा करा, फरक सारखाच!

झिरो पर्सेंट? तुमच्यासाठी नाही!

शनिवारी टायरच्या शोरूममध्ये गेले. काचेवर भलंमोठं पोस्टर, ‘झिरो पर्सेंट ईएमआय’. मी खूश. काउंटरवरच्या मुलाने आधार, पॅन, मोबाइल नंबर घेतला. एका फायनान्स कंपनीत टाकलं, नाही. दुसरीत टाकलं, नाही. तिसरीत टाकलं, तेही नाही. मागे रांगेत दोन जण उभे. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचा सिबिल प्रॉब्लेम आहे."

हळू आवाजात म्हणाला खरा, पण मला वाटलं अख्ख्या सिंहगड रोडला ऐकू गेलं. "बाबांना विचारून येते," असं काहीतरी पुटपुटत मी बाहेर पडले. सत्तावीस वर्षांची घोडी, आणि म्हणे बाबांना विचारते!

घरी येऊन पहिल्यांदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला. आपल्याकडे चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. माझा होता ५८३. म्हणजे काठावर पास नव्हे, सरळ नापास.

कारणही तिथेच लिहिलेलं होतं. २०१९ मध्ये मी हप्त्याने फोन घेतला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, हप्ते थकले. नंतर रिकव्हरीवाल्याने फोन करून गोड आवाजात सांगितलं, "थोडी रक्कम भरा, बाकीचं सोडून देतो." मी भरली आणि सुटले म्हणून पेढेसुद्धा वाटले! रिपोर्टमध्ये मात्र त्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लिहिलंय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. ‘क्लोज्ड’ म्हणजे सगळं फेडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे देणाऱ्याने नाइलाजाने काही पैशांवर पाणी सोडलं. पुढचा प्रत्येक कर्ज देणारा तेच वाचतो.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. आपण स्वतः रिपोर्ट पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. पण कर्जासाठी अर्ज केला की त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी झाल्या तर स्कोअर आणखी घसरतो. त्या काउंटरवरच्या पाच मिनिटांत माझ्या तीन नोंदी झाल्या होत्या. थँक यू, झिरो पर्सेंट!

रात्री साडेअकराचं कर्ज

एचआरला विचारलं, पगारातून थोडी उचल मिळेल का? "आपली तशी पॉलिसी नाही." बाबांच्या ओळखीची पतसंस्था होती, पण तिथे आधी सभासद व्हा, मग दोन जामीनदार आणा. आई म्हणाली, "माझी बांगडी ठेव गहाण." सोनेतारण कर्जाला तारण असतं, त्यामुळे स्कोअरचं फारसं अडत नाही, हे खरं. पण टायरसाठी आईची बांगडी? मन होईना.

मग रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर एक अ‍ॅप दिसलं. ‘खराब सिबिल? नो टेन्शन!’ ८,००० रुपयांचं कर्ज, तीस दिवसांत परत. पण हातात येणार ६,४००, बाकी ‘प्रोसेसिंग’. गणित मांडून पाहिलं. ६,४०० वापरायचे आणि महिन्याने १,६०० जास्त द्यायचे, म्हणजे महिन्याला २५ टक्के. वर्षाचे ३००! गावाकडचा सावकारसुद्धा यापुढे संत वाटावा.

वर अ‍ॅपने माझी कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली. तिथे मी थांबले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट्स बघताच येत नाहीत. सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर किती, हेही त्याने कर्ज देण्याआधी एका पानावर लिहून द्यावं लागतं. या अ‍ॅपवर ना ते पान होतं, ना कुठल्या बँकेचं नाव. अ‍ॅप उडवून टाकलं. झोप मात्र लागली नाही.

उतारावर

नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे चाळीसहून जास्त गाड्यांना उडवलं होतं. आम्ही रोज त्याच पुलाखालून हायवेला लागतो.

जूनच्या एका सकाळी पाऊस भुरभुरत होता. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. गाडी थांबेचना! घसरत, घसरत, टेम्पोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. मागे बसलेले दोघं ओरडले, मग हसले. "काय पाऊस आहे यार!" शेजारी बसलेली ताई पोटाशी बॅग धरून गप्प होती. तिची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

तो पाऊस नव्हता. ते माझे टायर होते. मला ठाऊक होतं आणि त्या तिघांना नव्हतं. तीन आठवडे मी रोज त्यांना गाडीत बसवत होते, कारण "माझ्याकडे टायरला पैसे नाहीत" हे वाक्य तोंडातून निघत नव्हतं. ऑफिसात आपण सगळे तेच फॉर्मल शर्ट, तीच कॉफी, तेच वीकेंडचे प्लॅन. अशात कोण कबूल करणार की आपला स्कोअर ५८३ आहे?

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता सगळं सांगून टाकलं. टायर, सिबिल, काउंटर, सगळं. "उद्यापासून मी गाडी काढणार नाही," म्हटलं.

दोन मिनिटं शांतता. मागचा एक जण जरा चिडला, "आधी सांगायला काय झालं होतं?" त्याचं बरोबरच होतं. मग ताई म्हणाली, "माझ्या आईच्या चाळीत भिशी असायची. आपण करूया का?"

झालं! आम्ही चौघं आणि टीममधले आणखी दोघं, सहा जण. महिन्याला प्रत्येकी १,२००. दर महिन्याला एकाला ७,२००. पहिला नंबर मला. व्याज शून्य, प्रोसेसिंग शून्य, पॅन कार्ड शून्य. हेच खरं झिरो पर्सेंट! पण भिशीला कागद नसतो, असतो तो फक्त शब्द. पहिला नंबर घेऊन पुढचे हप्ते बुडवले असते, तर ऑफिसात कुठल्या तोंडाने बसले असते? म्हणून भिशी करा ती रोज तोंड बघायला लागणाऱ्या माणसांतच, आणि झेपेल तेवढ्याच रकमेची. पैसे हातात येईपर्यंत दहा दिवस आम्ही चौघं बसने गेलो.

दोन आधी, दोन नंतर

पुन्हा टायर घ्यायला गेले, या वेळी अण्णांनी सांगितलेल्या छोट्या दुकानात. चारही एकदम घ्यायची गरजच नव्हती. अल्टोला ताकद पुढच्या चाकांना मिळते, वळवतातही तीच, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. माझ्या मागच्या टायरना अजून बरी खाच होती.

मला वाटलं, नवे पुढे लावायचे. दुकानदार काका म्हणाले, "नाही मॅडम, नवे मागे, मागचे पुढे." ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते, निदान आपल्याला कळतं. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि नवशिक्याच्याच काय, मुरलेल्या ड्रायव्हरच्याही हातात राहत नाही.

दोन टायर ६,२००. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट ९००. एकूण ७,१००. भिशीतले शंभर उरले, त्याचे सहा वडापाव आणले.

उरलेले दोन दिवाळीच्या बोनसमधून घेतले. तोवर एक बरं झालं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तोच टायर जवळपास अडीचशे रुपयांनी स्वस्त मिळाला.

भिशीचे सहाही हप्ते वेळेवर दिले. आता तेच १,२०० रुपये दर महिन्याला बाजूला पडतात, त्या जुन्या फोनच्या कर्जाची सोडून दिलेली रक्कम भरण्यासाठी. पूर्ण भरली की कंपनीकडून नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं आणि रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घ्यायचं. स्कोअर लगेच आभाळाला भिडणार नाही, मला माहितीये. सध्या ६०४ आहे. पण आपल्या भाषेत क्रेडिटला ‘पत’ म्हणतात, आणि ती फक्त चार कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नसते, हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं.

परवा ताई गाडीत बसण्याआधी खाली वाकली. पर्समधून काडीपेटी काढली आणि खाचेत काडी घालून बघितली. "बुडाली," म्हणाली. "चल, आता निघूया."

खिसा सपाट, टायरही सपाट? मग हे वाचाच!

• महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना हवा तपासा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग. एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. शे-पाचशे रुपयांत हजारोंचा टायर वाचतो.

• टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. स्वस्त टायर घेताना आधी हे वाचा.

• सेकंडहँड टायर शक्यतो नकोच. झिजलेल्या टायरला नव्याने खाचा कापून विकणारे महाभाग असतात. खाच खोल दिसते, पण खालचं रबर पातळ झालेलं असतं. फुगवटा, चीर किंवा बाजूला ठिगळ दिसलं तर फुकटही घेऊ नका.

• दोनच टायर परवडत असतील तर दोनच घ्या, पण एका आडव्या जोडीला एकसारखे. साइझ तीच, जी जुन्या टायरवर लिहिलेली आहे. माझ्या अल्टोला १४५/८० आर १२.

• दुकानात "बघतो मंजूर होतंय का" म्हणून तीन-चार ठिकाणी अर्ज टाकू देऊ नका. आधी घरी बसून स्वतःचा फुकट रिपोर्ट काढा.

• रिपोर्टमध्ये चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे.

• आणि गाडीत कुणी बसत असेल, तर टायरचं खरं त्यांना सांगा. तेही आजच!