तौबा बापाची, कसोटी मुलांची

रमजानचा चंद्र दिसला की अनेक घरांची शिस्त एका रात्रीत बदलते. सहरीचे गजर लागतात, टीव्ही बंद होतो, मुलांच्या हातातले मोबाइल कपाटात जातात. अकरा महिने जुम्म्याची नमाजही जमेल तशी पढणारे वडील एकदम पाचही वेळांचा हिशोब मागू लागतात. धाकटी पोरे खुशीत असतात. पहिला रोजा, गळ्यात हार, नवे कपडे, शेजारपाजारहून आलेली ताटे, त्यांना हे सगळे सणासारखेच वाटते. अडचण होते ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची. तो तोंडाने काही बोलत नाही, पण त्याच्या नजरेत प्रश्न असतो : अब्बा, हे कालपर्यंत कुठे होते?

या प्रश्नावर उर्दूत एक अख्खी कादंबरी आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘तौबतुन्नसूह’, १८७०च्या दशकातली. मुले कशी वाढवावीत, घर कसे चालवावे हे सांगणारी पुस्तके आज दुकानात रांगेने मांडलेली दिसतात. त्यातली बरीचशी युक्त्या सांगतात आणि विसरली जातात. या जुन्या कादंबरीचा काटा मात्र अजून सलतो.

नजीर अहमद सरकारी नोकरीत होते. इंग्रजांच्या दंडसंहितेच्या उर्दू अनुवादात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे गुन्हा आणि शिक्षा यांची भाषा त्यांच्या हाताखालून गेलेली! १८६९ मध्ये त्यांचे ‘मिरातुल उरूस’ आले. नीट संसार करणारी असगरी आणि विस्कटून टाकणारी अकबरी या दोन बहिणींची ती गोष्ट. आपल्याच मुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाला सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि ते घरोघर गेले. पण असगरी इतकी गुणी आहे की वाचताना कंटाळा येतो. ‘तौबतुन्नसूह’मध्ये हा गुळगुळीतपणा नाही, कारण तिथे घर खरोखर मोडते.

दिल्लीत पटकीची साथ येते. नसूहचे वडील जातात, पाठोपाठ तोही अंथरुणाला खिळतो. ग्लानीत त्याला स्वप्न पडते : एक विशाल न्यायालय, आणि तिथे आपल्या कर्मांचा कागद हातात घेऊन उभे असलेले वडील. बरा होऊन उठतो तो बदललेला माणूस. बायकोला, फहमीदाला, तो मोकळेपणाने सांगतो की मुले बिघडली याचे पहिले गुन्हेगार आपणच. दोघे मिळून घर सुधारायला घेतात.

पुढचा भाग लेखकाने फार बारकाईने लिहिला आहे. धाकटा सलीम आधीच बदलू लागलेला असतो. त्याला कोणी उपदेश केलेला नाही. ओळखीच्या एका घरातली मुले आणि त्यांची प्रेमळ आजी यांच्या सहवासाने ते घडले आहे. मधला अलीम बापाशी बोलतो, बाप ऐकतो. छोटी हमीदा आईला नमाजविषयी असे भाबडे प्रश्न विचारते की आईलाच उत्तर सुचत नाही. लग्न झालेली, माहेरी आलेली नईमा चिडते. हमीदाने नमाजसाठी तिचे तान्हे खाली ठेवले म्हणून ती बहिणीवर हात उगारते, आणि आई लेकरवाळ्या मुलीच्या थोबाडीत मारते. आई-मुलीच्या भांडणाचा तो प्रसंग आजच्या कोणत्याही घरात घडू शकेल.

आणि मग थोरला, कलीम. शायर, शौकीन, हजरजबाबी. बाप बोलावतो, तो जात नाही. निरोप, मध्यस्थी, आईची विनवणी, सारे होते. बापलेक मात्र समोरासमोर बसत नाहीत. कलीम घर सोडतो. ज्या मित्राच्या भरवशावर बाहेर पडला, त्याची श्रीमंती खोटी निघते आणि तो मशिदीत उपाशीपोटी रात्र काढतो. इकडे बाप त्याच्या खोल्या उघडतो. आतली पुस्तके त्याला विषासारखी वाटतात, आणि तो ती जाळून टाकतो. कलीम पुढे फौजेत जातो, जखमी होऊन परत येतो आणि पश्चात्ताप करून मरतो.

लेखकाच्या मते हा शेवट न्यायाचा आहे. दीडशे वर्षांतल्या वाचकांनी मात्र गुपचूप कलीमची बाजू घेतली. साहजिकच आहे. पंचवीसेक वर्षे ज्या मुलाला बापाने हव्या त्या वाटेने जाऊ दिले, त्याने महिन्याभरात उलटे फिरावे ही अपेक्षा सोयीची होती. बापाला तौबा करायला स्वप्न मिळाले, आजारपण मिळाले, मरणाची भीती मिळाली. मुलाला फक्त फर्मान मिळाले.

नसूह हे नाव कुराणाच्या ६६व्या सूरेतल्या ‘तौबतन नसूहा’, म्हणजे निखळ तौबा, या शब्दांतून आले आहे. त्याच्या दोनच आयती आधी स्वतःला आणि कुटुंबाला आगीपासून वाचवण्याची आज्ञा आहे. आधी स्वतः, मग कुटुंब. नसूहने हा क्रम पाळला, फक्त दोन्हींच्या मध्ये फारसा वेळ जाऊ दिला नाही.

याच कुराणात मुलाशी बोलणारा दुसरा एक बाप आहे, लुकमान. तरावीहच्या नमाजमध्ये एकविसावा पारा पढला जातो तेव्हा त्याची नसीहत कानावर येते. नमाज कायम कर, धीर धर, ताठ मानेने चालू नकोस, आवाज खाली ठेव. विषय कडकच आहेत. पण तीन वेळा तो मुलाला ‘या बुनय्या’ म्हणून हाक मारतो. अरबीत हे लाडाचे रूप आहे. मराठीत ‘बाळा’ किंवा ‘लेकरा’ म्हणू तसे. मधेच आई-वडिलांविषयीचे फर्मानही येते : त्यांनी अल्लाहसोबत दुसऱ्या कोणाला भागीदार करण्यासाठी जोर लावला तर त्यांचे ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलेच वागा. इतक्या मोठ्या मतभेदानंतरही एका घरात राहता येते, असे तिथे गृहीत धरलेले आहे.

मराठी वाचकाला इथे ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहणार नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, चांगले वळ उठेपर्यंत मारते. पण मारल्यावर तीच रडते आणि परत आल्यावर तीच त्याला दही देते. तिची शिस्त नसूहपेक्षा कमी कडक नव्हती. फरक इतकाच की ती रोजची होती आणि मारणारा हात त्याच दिवशी जवळही घ्यायचा. श्यामला आई बदलल्याचा धक्का कधी बसला नाही.

नजीर अहमद यांच्या बाबतीत पुढे जे झाले, ते त्यांच्या कादंबरीत शोभले असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ आले. नववधूला रुखसतीच्या वेळी दिले जाणारे, नमाजच्या मसल्यांपासून पत्रलेखन, पाककृती, औषधांपर्यंत सगळे सांगणारे पुस्तक. न वाचण्याजोग्या पुस्तकांच्या त्यातल्या यादीत ‘मिरातुल उरूस’ही आहे. आणि म्हातारपणी नजीर अहमद यांनी पैगंबरांच्या पत्नींविषयी लिहिलेल्या ‘उम्महातुल उम्मा’वर उलेमा इतके नाराज झाले की त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. १९१२ मध्ये ते वारले.

त्यांचे नातू शाहिद अहमद देहलवी यांनी १९३० मध्ये दिल्लीत ‘साकी’ हे मासिक काढले. इस्मत चुगताईंचे सुरुवातीचे लेखन त्यात छापून आले. हे नातू रीतसर शास्त्रीय संगीत शिकले होते आणि फाळणीनंतर कराचीत रेडिओवर गातही असत.