मानेतील शीर, हातातील कळ आणि ऑपरेशनचा प्रश्न



ऊस विकास खात्याकडून या पानावर बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, खोडव्याची निगा असाच मजकूर आपणास मिळत असतो. या अंकात मानेचा विषय घेतला आहे. आम्ही शेतकी पदविका घेतलेले, डॉक्टर नव्हे. पण या दुखण्याने आम्हाला जे शिकविले, आणि त्यात आमच्या हातून जी एक चूक झाली, ती सभासदांपुढे मांडणे आम्हाला जरूर वाटते.

दोन वर्षांपूर्वी गळीत हंगामाच्या तोंडावर नोंदीचे प्लॉट पाहत फिरताना आमच्या उजव्या खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत करंट उतरल्यासारखी कळ येऊ लागली. चारीच्या रस्त्याने मोटारसायकलवर चार-पाच किलोमीटर गेलो की हात बधिर. रात्री झोप नाही. हात उचलून डोक्यावर ठेवला की मात्र बरे वाटे. त्यामुळे गट ऑफिसात आम्ही डोक्यावर हात ठेवून बसू लागलो, आणि येणारा जाणारा विचारू लागला, "काय साहेब, भाव कमी जाहीर झाला काय?" पुढे कळले की, हात असा वर नेल्याने दबलेल्या शिरेवरचा ताण उतरतो, डॉक्टर लोक ही खूण मुद्दाम विचारतात.

मानेत 7 मणके असतात आणि तेथून मज्जातंतूंच्या 8 जोड्या बाहेर पडतात. मज्जारज्जू हा मुख्य कालवा समजा, आणि हे तंतू म्हणजे त्याला फुटलेल्या पोटचाऱ्या. प्रत्येक पोटचारी दोन मणक्यांमधल्या अरुंद मोरीतून जाते. मणक्यांमधली चकती फुगून त्या मोरीत आली, किंवा वयाने हाडाला कंगोरे फुटले, की तंतू दाबला जातो. दुखते हातात, पण अडले असते मानेत. टेलला पाणी पोचत नाही म्हणून टेललाच चारी उकरीत बसावे, तसे आम्ही पंधरा दिवस दंडाला तेल चोळीत होतो! कोणती मोरी अडली हे बोटे सांगतात. सहाव्या तंतूची कळ साधारणपणे अंगठ्याकडे जाते, सातव्याची मधल्या बोटाकडे, आठव्याची करंगळीकडे.

मात्र हाताची प्रत्येक मुंगी मानेचीच असते असे नव्हे. दोन्ही वेळ हाताने धारा काढणाऱ्यांना मनगटातही तंतू दबून रात्री बोटे बधिर होतात. मधुमेहाने होते, ब-12 जीवनसत्त्व कमी पडले तरी होते. आणि डाव्या हातात कळ येऊन छाती भरून आली, घाम सुटला, तर मानेचा विचार बाजूला ठेवून तडक हृदयासाठी दवाखाना गाठावा.

आमचा एम.आर.आय. निघाला. त्यात चकती सरकलेली. शहरातील एका तज्ज्ञांनी ऑपरेशन सुचविले. घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे, करून टाका. मंडळी म्हणत, मानेला सुरी नको. खर्चासाठी सोसायटीकडे अर्ज टाकण्यापर्यंत मजल गेली होती. तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनी फिल्म पाहण्याआधी आमचे कोपर ताठ करावयास लावून जोर पाहिला, चालावयास लावले, आणि म्हणाले, "जोर शाबूत आहे. सहा ते बारा आठवडे थांबू, पण डोळे उघडे ठेवून थांबू."

थांबण्याला आधार काय, तर तो आम्हा शेतकी माणसांना चटकन पटण्यासारखा आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या प्रयोगांत खत न दिलेला प्लॉट शेजारी ठेवतात, कारण त्यावाचून खताचा गुण कळत नाही. मानेच्या या दुखण्यातही तसे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी 1976 ते 1990 या काळातील 561 रुग्णांची पाहणी झाली. त्यातील सुमारे चौथ्या हिश्श्याचे ऑपरेशन झाले, आणि शेवटच्या तपासणीत दहापैकी नऊ जणांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. स्वीडनमध्ये 81 रुग्णांचे तीन गट केले. एकाचे ऑपरेशन, एकाला व्यायामोपचार, एकाला गळपट्टा. 1997 साली निकाल छापून आला. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर उतरली, पण साधारण वर्षाने तिन्ही गट सारखेच. सरकलेली चकती पुष्कळदा आपोआप आक्रसते, हे त्यामागचे कारण. म्हणूनच या दुखण्यात कोणत्याही तेलाला, मंत्राला, काढ्याला यश येते. शेजारी मोकळा प्लॉट नसतो ना!

एम.आर.आय.च्या कागदाचेही तसेच. जपानमध्ये 1211 निरोगी माणसांच्या मानेचे फोटो काढले, तेव्हा शंभरातील 87 जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. तेव्हा फोटोत दिसले म्हणून ऑपरेशन, हा हिशेब बरोबर नाही. फोटो, बोट आणि जोर या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

आम्ही केले ते असे. तीन आठवडे गळपट्टा, नंतर तो हळूहळू सोडला. हॉलंडमध्ये 2009 साली 205 रुग्णांवर पाहिले तेव्हा पट्टा किंवा व्यायाम यांनी पहिल्या सहा आठवड्यांत कळ कमी झाली. सहा महिन्यांनी मात्र काहीच न केलेलेही बरोबरीला आले. फिजिओथेरपीस्टकडून हनुवटी मागे घेण्याचा आणि खांद्यांच्या फळ्या जुळविण्याचा व्यायाम शिकलो. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, तेथे हे शिकवितात. शिरेच्या कळेवरच्या गोळीने गुंगी येते, म्हणून मोटारसायकल बंद ठेवली. ट्रॅक्टरवाल्यांनीही ध्यानात ठेवावे. उंच उशी काढली. वाढ्याचा भारा घरच्या बायकांच्या डोक्यावरून येई, तो हातगाड्यावर आणू लागलो. साखरेचे 100 किलोचे पोते 50 किलोवर आले, पण घरच्या भाऱ्याचे वजन कोणी केले आहे? अकराव्या आठवड्यात रात्रभर झोप लागली. मधल्या बोटाचे टोक थंडीत अजून बधिर होते.

आता चूक सांगतो. बरे वाटल्यावर आम्ही गावोगाव वैद्यकी सुरू केली. गटातील एक वयस्कर सभासद हात बधिर होतो म्हणाले. आम्ही छातीठोकपणे सांगितले, "आम्ही थांबलो, तुम्हीही थांबा." ते बोलता बोलता म्हणाले होते की, हल्ली चप्पल पायातून कधी निसटते तेच कळत नाही, शर्टाचे बटन सून लावून देते. आम्ही ते कानाआड केले. पाच महिन्यांनी ते बांधावरून पडले. त्यांच्या मानेत पोटचारी नव्हे, मुख्य कालवाच दाबला गेला होता. ऑपरेशन झाले, दुखणे वाढायचे थांबले. पण गेलेले सगळे परत आले नाही. आज ते काठीवर चालतात. आम्हाला ते एका शब्दाने बोलले नाहीत.

तेव्हा चप्पल निसटणे, चालताना तोल जाणे, बटन किंवा नाडी न जमणे, सही बिघडणे, लघवीचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर थांबू नये. मणक्याच्या तज्ज्ञाकडे ताबडतोब जावे. हाताचा जोर दिवसेंदिवस घटत असेल तरीही तसेच. तापाबरोबर मान दुखत असेल, वजन उतरत असेल, तर कारण वेगळे असू शकते. आणि बारा आठवडे सगळे करूनही झोप येत नसेल, तर ऑपरेशनला भिण्याचे कारण नाही. पुष्कळदा गळ्याच्या पुढून जाऊन चकती काढतात व दोन मणके जोडतात. काही दिवस आवाज बसतो, गिळताना अडते, बहुधा ते जाते. तंबाखूने हाड जुळण्यास अडथळा येतो, ती आधी सोडावी लागते.

मान कडाकड मोडणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्या फाटल्या तर पक्षाघात होतो. पाठीच्या वरच्या भागात देण्याचे इंजेक्शन काहींना उपयोगी पडते, परंतु मानेजवळ त्याचे क्वचित गंभीर परिणाम होतात. जेथे यंत्रावर पाहून सुई देतात तेथेच घ्यावे.

खर्चासाठी जमीन गहाण टाकण्यापूर्वी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे व आपले ऑपरेशन यादीत बसते काय ते विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड न्यावे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना एम.आर.आय.ची फिल्म न्यावी, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.