हे वाक्य कुठून घेतलं?

प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचताना मार्गदर्शक एखाद्या वाक्याखाली रेघ मारतात आणि समासात लिहितात, ‘हे कुठून घेतलं?’ विद्यार्थ्याला पुस्तक आठवतं, मुखपृष्ठाचा रंगही आठवतो. आवृत्ती आणि पान क्रमांक मात्र कुठेच टिपलेला नसतो. तोवर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं, नाहीतर ते परगावच्या एखाद्या संग्रहात बसून पाहिलेलं असतं. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रबंध सादर करण्याआधीचे कितीतरी दिवस या शोधाशोधीत जातात. हे दिवस वाचवता येतात, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम समजायला सोपं आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की समोर उघडलेल्या शोधनिबंधाचा लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष अशी सगळी नोंद तुमच्या संग्रहात उतरते. वर्डमध्ये लिहिताना ती नोंद निवडली की मजकुरात संदर्भ बसतो आणि प्रकरणाच्या शेवटी सूची तयार होते. विद्यापीठाने एपीएऐवजी एमएलए पद्धत मागितली तर एका क्लिकवर सगळी सूची बदलते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं, तेव्हा सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. शब्द टिपतानाच तो कोणत्या ग्रंथात कुठे आला हेही त्याच चिठ्ठीवर लिहिलं जाई. म्हणून तर त्या चिठ्ठ्या आजही कामाला येतात. संगणकावरही हीच शिस्त लागते: वाचलं की नोंद, आणि नोंद त्याच दिवशी तपासलेली.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? झोटेरो, मेंडले आणि एंडनोट ही नावं सगळ्यांच्या कानावर असतात. त्यांची तुलना करताना विद्यार्थी सोयी मोजत बसतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पाच-सहा वर्षांनी या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायचं झालं तर माझ्या नोंदी, टिपणं, खुणा केलेली पानं बरोबर नेता येतील का?

मेंडलेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. लंडनमध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्याच संगणकावरची त्याची माहिती कुलूपबंद स्वरूपात साठवली जाऊ लागली आणि ती थेट दुसरीकडे नेणं अवघड झालं. २०२१ मध्ये मोबाइल अ‍ॅप गेलं, २०२२ मध्ये जुनी डेस्कटॉप आवृत्ती डाउनलोडसाठी बंद झाली. एंडनोट जुनं आणि भक्कम आहे, पण विकतचं. विद्यापीठाचा परवाना असेपर्यंत ठीक. पदवी मिळाल्यावर तो खर्च कोण करणार?

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्रातून बाहेर पडलं. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि सगळा संग्रह केव्हाही दुसरीकडे नेता येतो. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांच्या विद्यार्थ्याने फार विचार न करता तेच घ्यावं. लॅटेकमध्ये लिहिणाऱ्या गणित-भौतिकीच्या मंडळींना जाबरेफही चालेल. झोटेरोच्या ऑनलाइन साठ्यात फुकट जागा ३०० एमबीच मिळते, आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तकं ती पाहता पाहता भरून टाकतात. पण ही मर्यादा फाइलींना आहे, नोंदींना नाही. फाइली आपल्या संगणकावर ठेवाव्यात आणि सगळ्या फोल्डरची एक प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

मराठी पुस्तकांशी गाठ पडली की खरी मेहनत सुरू होते. आयएसबीएन टाकून नोंद मागवली तर ती पुष्कळदा परदेशी ग्रंथालयांच्या यादीतून येते. शीर्षक रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि खाली टिंबं. १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक घ्या. इंग्रजी पुस्तक १९४६ चं, मराठी १९६१ चं. दोन्ही पाहिली असतील तर दोन वेगळ्या नोंदी हव्यात, एकीत नाव रोमन लिपीत, दुसरीत देवनागरीत. आडनावाच्या चौकटीत ‘शेजवलकर’ आणि नावाच्या चौकटीत ‘त्र्यंबक शंकर’ असं लिहायला हवं, नाहीतर सूचीत ते ‘त्र’मध्ये जाऊन बसतात. ‘कुसुमाग्रज’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ यांना आडनावाची चौकट लागतच नाही. झोटेरोत दोन चौकटींची एक करण्याची सोय आहे.

जुन्या पुस्तकांवर वर्ष शकात छापलेलं असतं. शके १८५० म्हणजे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत १९२८ आणि तिथून फाल्गुनापर्यंत १९२९. पुस्तकावर महिना किंवा तिथी दिली असेल तर ती पाहूनच इसवी सन टाकावं, आणि मूळ शक ‘एक्स्ट्रा’ या चौकटीत जपून ठेवावा. परीक्षक इतिहासाचे असतील तर ते हमखास विचारतात.

सॉफ्टवेअर नोंद नीटनेटकी मांडतं, ती खरी आहे की नाही हे त्याला कळत नाही. आता चॅटबॉटकडून संदर्भ मागणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि कधीच न लिहिले गेलेले शोधनिबंध लेखक, वर्ष, पानांसकट हाती पडतात. झोटेरो असा खोटा निबंधही सुबक एपीएत सजवून देईल. डीओआय उघडून पाहिल्याशिवाय नोंद घेऊ नये. मागे घेतलेल्या शोधनिबंधांवर मात्र झोटेरो स्वतःहून लाल इशारा दाखवतं, ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीवरून. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची साम्य मोजताना वगळायची आहेत. म्हणजे संदर्भ नेमका दिलेला असणं हेच विद्यार्थ्याचं संरक्षण आहे.

लिहितानाही थोडी काळजी लागते. वर्डमधली फाइल तशीच गूगल डॉक्समध्ये उघडली की संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तुटतो आणि ते नुसता मजकूर होऊन बसतात. त्यासाठी झोटेरोतच ‘स्विच वर्ड प्रोसेसर’ अशी सोय आहे, ती वापरून मगच फाइल हलवावी.

शेवटचं काम प्रतीवर करायचं. अनेक मार्गदर्शक मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या वेगळ्या सूची मागतात. सॉफ्टवेअर एकच सूची देतं. इंग्रजी शैली निवडलेली असेल तर मराठी नोंदीतही ‘एट अल’ नि ‘एड.’ इंग्रजीत येतात. प्रबंध पुरा झाला की फाइलची वेगळी प्रत काढावी, तिच्यावर ‘अनलिंक सायटेशन्स’ चालवावं, आणि मग ‘व इतर’, ‘संपा.’ हाताने घालून सूची वेगळ्या कराव्यात. मूळ फाइलला हात लावू नये. व्हायवानंतर दुरुस्त्या आल्या की तीच उघडावी लागते.