आयएसओ प्रमाणपत्र आयएसओ देत नाही

“कुठूनही घ्या हो, शेवटी प्रमाणपत्र आयएसओचंच असतं.” लघुउद्योजकांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकून गप्प बसवत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाने किंवा एखाद्या निविदेने आयएसओ ९००१ मागितलेलं असतं, मुदत तोंडावर आलेली असते आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात येते: तीन दिवसांत आयएसओ, काही हजार रुपयांत, कारखान्याला भेट नाही, कागदपत्रं आमची. पैसे भरले जातात, सोनेरी किनारीचा कागद येतो, चौकटीत बसून ऑफिसच्या भिंतीवर लागतो. पुढे गिऱ्हाइकाचा खरेदी विभाग तो तपासायला घेतो आणि नाकारतो. पैसे जातात, ऑर्डरही जाते.

आयएसओ कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. जिनिव्हात मुख्यालय असलेली ही संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिचं काम मानकं तयार करण्याचं आहे. गुणवत्ता व्यवस्थापनाचं ९००१ हे मानक तिने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलं. १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. आपण प्रमाणन करत नाही आणि आपलं बोधचिन्ह प्रमाणपत्राच्या संदर्भात कोणी वापरू नये, असं ही संस्था स्वतःच्या संकेतस्थळावर स्वच्छ सांगते. तरीही ते बोधचिन्ह मधोमध मोठं छापलेली प्रमाणपत्रं सर्रास दिसतात आणि लोकांना ती जास्त खरी वाटतात. खरं तर ते चिन्ह दिसताक्षणीच शंका यायला हवी.

प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था. त्यांत शंभर वर्षं जुन्या नावाजलेल्या संस्था आहेत, आपला भारतीय मानक ब्यूरो आहे, आणि एका खोलीत एक संगणक व एक रंगीत प्रिंटर एवढ्यावर चालणारी दुकानंही आहेत. तिघांच्याही कागदावर ‘आयएसओ ९००१:२०१५’ असंच लिहिलेलं असतं. मग फरक ओळखायचा कसा? वाण्याच्या वजनमापांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, म्हणून आपण त्याच्या तराजूवर विश्वास ठेवतो. प्रमाणन संस्थेलाही असंच कोणीतरी तपासलेलं असावं लागतं. त्या तपासणीला अधिस्वीकृती म्हणतात, उद्योगाच्या बोलीत अ‍ॅक्रेडिटेशन.

भारतात हे काम एनएबीसीबी हे मंडळ करतं. ते भारतीय गुणवत्ता परिषदेचा, म्हणजे क्यूसीआयचा भाग आहे. ब्रिटनमध्ये यूकेएएस, अमेरिकेत एएनएबी, जर्मनीत डीएकेकेएस ही अशीच मंडळं. त्यांच्यात परस्पर-मान्यतेचा जागतिक करार आहे आणि एनएबीसीबीही त्यात आहे. म्हणून कोल्हापूरच्या फाउंड्रीला एनएबीसीबीच्या अधिस्वीकृतीखाली मिळालेलं प्रमाणपत्र जर्मनीतला खरेदीदार पुन्हा तपासणी न मागता मान्य करू शकतो. ही साखळी तुटली की कागद केवळ त्या देणाऱ्याच्या शब्दावर उभा राहतो.

अधिस्वीकृती सक्तीची नाही, हे खरं आहे. ती नसलेली प्रत्येक संस्था खोटी असते असंही नाही. आयएसओ स्वतःच तसं सांगते. पण ती नसेल तर त्या संस्थेचे ऑडिटर पात्र आहेत का आणि ती निःपक्षपाती आहे का, हे बाहेरच्या कोणीही तपासलेलं नसतं. आपल्या धंद्याचं नाव पणाला लावताना ही जोखीम कशासाठी घ्यायची, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

याहून लबाड प्रकारही आहे. ‘अधिस्वीकृती आहे का’ हा प्रश्न लोक विचारू लागले, तशी काहींनी अधिस्वीकृती मंडळंही उभी केली. परदेशी वाटणारं भारदस्त नाव, पृथ्वीगोलाचं चित्र, देखणं संकेतस्थळ. प्रमाणपत्रावर दोन-दोन, तीन-तीन बोधचिन्हं झळकतात, आणि त्यांपैकी एकही मंडळ त्या जागतिक करारात नसतं. म्हणून शिक्का आहे एवढं पाहून थांबू नका. शिक्का मारणारं मंडळ करारात आहे का ते पाहा.

‘तीन दिवसांत’ हा शब्दही जरा तपासू. अधिस्वीकृत संस्थांना ऑडिटसाठी किती वेळ द्यायचा याचं कोष्टक बांधून दिलेलं आहे. अधिस्वीकृती मंडळांच्या आयएएफ या जागतिक मंचाच्या एमडी ५ या दस्तऐवजानुसार ११ ते १५ माणसांच्या कारखान्यासाठी पहिल्या प्रमाणनाचं ऑडिट अडीच दिवसांचं, २६ ते ४५ माणसांसाठी ४ दिवसांचं, ८६ ते १२५ माणसांसाठी ७ दिवसांचं. काम साधं असेल तर त्यात कपात होते, पण ३० टक्क्यांहून जास्त नाही. हे ऑडिट दोन टप्प्यांत होतं: पहिल्यात तयारी तपासतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर उतरून माणसांशी बोलतात, नोंदी पाहतात. एनसी, म्हणजे मानकाशी न जुळणाऱ्या त्रुटी, निघाल्या तर त्यांची कारणं शोधून उत्तरं द्यावी लागतात, आणि मेजर एनसीवरची दुरुस्ती पडताळल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. शिवाय अंतिम निर्णय घेणारी व्यक्ती ऑडिट करणाऱ्यांपैकी नसावी लागते. आता हे सगळं, नोंदी तयार करण्यासाठी लागणाऱ्या महिन्यांसकट, तीन दिवसांत कसं बसवायचं? ते बसत नाही. तीन दिवसांत फक्त छपाई होते.

कन्सल्टंटबद्दलचा घोळ याच्याइतकाच घातक आहे. कन्सल्टंट नेमण्यात गैर काही नाही. चांगला कन्सल्टंट छोट्या कारखान्याला शिस्त लावून देतो. पण ‘तयारीही आम्हीच करून देऊ, प्रमाणपत्रही आम्हीच देऊ’ असं कोणी म्हणालं की उठून बाहेर पडा. प्रमाणन संस्थांना लागू असलेल्या १७०२१-१ या मानकानुसार त्यांना सल्लागारी करायला सक्त मनाई आहे. अमुक कन्सल्टंट घेतलात तर प्रमाणपत्र लवकर किंवा स्वस्तात मिळेल, असं सुचवण्याचीही त्यांना परवानगी नाही. ज्याने तुमची व्यवस्था उभी केली, त्याला निदान दोन वर्षं तुमच्या ऑडिटमध्ये भाग घेता येत नाही. आपणच लिहिलेला पेपर आपणच तपासायचा नाही, इतका साधा हा नियम आहे आणि तरी तो रोज धाब्यावर बसवला जातो.

बाकीचे गैरसमज तुलनेने लहान आहेत. एकदा मिळालं की कायमचं झालं, असं काही नसतं: प्रमाणपत्राचं चक्र ३ वर्षांचं असतं, दरवर्षी देखरेख ऑडिट होतं, आणि ते टाळलं तर प्रमाणपत्र निलंबित होतं. आयएसओ ९००१ म्हणजे माल उत्तम, हेही बरोबर नाही. ते काम करण्याच्या पद्धतीचं प्रमाणन आहे, त्यामुळे त्याचं चिन्ह मालावर किंवा वेष्टनावर छापता येत नाही. मालाची खूण म्हणजे मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह, ती वेगळी गोष्ट. जाडजूड क्वालिटी मॅन्युअल लागतंच, ही समजूत २०१५ च्या आवृत्तीने निकालात काढली. त्यात मॅन्युअलची सक्ती उरलेली नाही. अधिस्वीकृत संस्था कोणत्याही उद्योगाला प्रमाणपत्र देऊ शकते, असंही नाही, कारण अधिस्वीकृती उद्योगक्षेत्रानुसार मिळते. धातुकामासाठी ती असलेल्या संस्थेकडे खाद्यपदार्थांसाठी असेलच असं नाही. आणि चाकणच्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं प्रमाणपत्र फक्त आयएटीएफने मान्य केलेल्या संस्थाच देऊ शकतात, दुसरं कोणीही नाही.

महाराष्ट्रात तर हा विषय कारखान्यांच्या बाहेर केव्हाच गेला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, पोलीस ठाणी यांच्या दारावर ‘आयएसओ मानांकित’ असे फलक दिसतात. गावाने लोकवर्गणी काढून शाळा रंगवली, स्वच्छतागृह दुरुस्त केलं, दप्तर लावलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच त्या फलकावर मानकाचा क्रमांक नसतो, वर्ष नसतं, प्रमाणन संस्थेचं नाव नसतं, याचं वाईट वाटतं. ‘आयएसओ मानांकित’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या मानकानुसार, हे वर्षासह लिहावं, अशी आयएसओची स्वतःची सूचना आहे. गावाच्या खऱ्या कष्टांना कच्च्या कागदाचा आधार कशाला?

पडताळणीला फार वेळ लागत नाही. एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर अधिस्वीकृत संस्थांची यादी आहे आणि कोणाची अधिस्वीकृती कोणत्या क्षेत्रासाठी आहे तेही तिथे कळतं. आयएएफने सुरू केलेल्या सर्टसर्च या जागतिक सूचीत कंपनीच्या नावाने शोधता येतं. तिथे नाव सापडलं नाही तर प्रमाणन संस्थेला आणि तिच्या अधिस्वीकृती मंडळाला थेट विचारावं. आधीच बिनअधिस्वीकृत प्रमाणपत्र घेऊन बसला असाल, तर ते दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करून मिळणार नाही. वर्ग होतं ते फक्त वैध, अधिस्वीकृत प्रमाणपत्र. बाकीच्यांना पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा करारावर सही करण्याआधी समोरच्याला लेखी विचारा: तुमची अधिस्वीकृती कोणत्या मंडळाची, माझ्या उद्योगक्षेत्रासाठी ती आहे का, आणि माझ्या कारखान्यात तुमचा ऑडिटर किती दिवस बसणार? चांगली संस्था या तिन्हींची उत्तरं कोटेशनसोबतच देते. उत्तरं मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.