पोर्शेचा हिवाळी जोडा

‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हिवाळी टायर, हा जर्मनीतल्या गाडीवाल्यांचा ठोकताळा. स्पोर्ट्स कारवाल्यांना मात्र तो जिवावर येतो. पोर्शे ९११ ला रुंद उन्हाळी टायर शोभून दिसतात, हे खरेच. पण पारा साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उतरला की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड सैल होते. शर्यतीच्या धाटणीचे काही टायर तर गोठत्या थंडीत तडकूही शकतात.

हिवाळी टायरचे रबर थंडीतही लवचिक राहते. जवळून पाहिले तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढल्यासारख्या नागमोडी चिरा दिसतात. टायर टेकला की त्या उघडतात, कडा बर्फात रुततात. खाचांत हिम दाबून बसते तेही कामाचेच, कारण हिमाला हिमच घट्ट धरते.

गाडीच्या कंपनीने मान्य केले असेल तर थोडे अरुंद टायर घ्यावेत; ते ओला बर्फ कापत खाली रस्ता गाठतात. इंजिन मागे, ताकद मागे, म्हणून फक्त मागचे दोन बदलायचे? हा शुद्ध वेडेपणा. वळायचे आणि थांबायचे ते मुख्यतः पुढच्या चाकांवर!

खरेदी करताना टायरच्या कडेवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह शोधा. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून नुसते ‘एम प्लस एस’ (चिखल आणि हिम) हे चिन्ह चालत नाही. खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. हिवाळ्यात ४ च्या खाली गेलेला टायर बदलून टाका.