कवळी : निगा व दुरुस्ती

पडलेल्या दातांच्या जागी बसविलेल्या, काढता-घालता येणाऱ्या कृत्रिम दंतपंक्तीस कवळी म्हणतात. तिची बैठक बहुधा ॲक्रिलिक प्लॅस्टिकाची असते. कालांतराने कवळी सैल झाली की, दोष तिला दिला जातो. वस्तुतः कवळी तशीच राहते, जबडा बदलतो. दात काढल्यावर हिरडीखालील हाडाचा कंगोरा झिजू लागतो. ही झीज पहिल्या वर्षी सर्वाधिक असून पुढेही मंदपणे चालू राहते. खालच्या जबड्यात ती वरच्याच्या सुमारे चौपट होते, असे टालग्रेन यांच्या १९७२ मधील अभ्यासात आढळले. अशा वेळी नवा ठसा घेऊन कवळीला आतून नवे अस्तर देतात.

वरची कवळी पुष्कळदा मधोमध तडकते. कंगोरा झिजल्याने ती टाळूच्या कठीण मध्यरेषेवर टेकते व चावताना दोन्ही बाजूंस वाकते. म्हणून नुसते तुकडे जोडून भागत नाही. अस्तरही बदलावे लागते. घरी डिंकाने जोडताना तुकडे किंचित सरकले, तरी कवळी नीट बसत नाही. हिरडी दुखते म्हणून कवळी स्वतः कानशीने घासणे हाही असाच उपद्व्याप होय. दंतवैद्य लेप लावून दाबाची जागा हुडकतो व तेवढीच घासतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवतात, त्यामुळे हिरडीस विसावा मिळतो. उकळत्या पाण्याने मात्र ॲक्रिलिक वेडेवाकडे होते.